कर्जरोखा आणि वाचक : १८७५ चे दख्खनचे दंगे व माहितीपर मजकुराच्या आकलनाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठीच्या अध्यापनात ललित मजकूर आणि माहितीपर मजकूर असा भेद रूढ आहे. कथा, कविता, ललितनिबंध यांच्या आस्वादासाठी वर्गात पुष्कळ वेळ दिला जातो. पावती, नोटीस, करारपत्र, हिशेबाचा उतारा, औषधाच्या वेष्टणावरील सूचना यांच्या वाट्याला मात्र फार तर एखादा उतारा व त्याखालील चार प्रश्न येतात. हे मजकूर कोणालाही सहज समजतात, असे त्यामागील गृहीतक असावे. इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. कवितेचा अर्थ चुकला तर वाचकाचा रसभंग होतो. कर्जरोख्याचा अर्थ चुकला आणि त्यामुळे जमीन गेली, अशी उदाहरणे मात्र एकोणिसाव्या शतकातील दख्खनमध्ये गावोगाव सापडतात.

प्रस्तुत लेखात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा विचार माहितीपर मजकुराच्या आकलनाच्या अंगाने केला आहे. या दंग्यांवर आर्थिक व राजकीय इतिहासकारांनी विपुल लेखन केले आहे. सारावाढ, कापसाच्या भावातील चढउतार, सावकारी, जमिनीचे हस्तांतरण या कारणांची चर्चा त्यात आढळते आणि ती रास्तच आहे. परंतु दंगेखोरांच्या रोषाचा मुख्य विषय एक मजकूर होता, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शेतकऱ्यांनी कागद मागितले, ते मिळवले आणि जाळले. त्या कागदांवर काय लिहिले होते, ते कोणाला वाचता येत होते आणि वाचता आले असते तरी समजले असते का, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे ठरतात.

सुपे येथील घटना

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले. गावात गुजर व मारवाडी सावकारांची दुकाने बरीच होती. जमावाने या दुकानांवर हल्ला करून वह्या व कर्जरोखे ताब्यात मागितले. वह्या जाळण्यात आल्या, धान्याची दुकाने लुटली गेली आणि काही ठिकाणी घरांनाही आग लावण्यात आली. हे लोण पुणे जिल्ह्यातून अहमदनगर जिल्ह्यात पसरले व तीसहून अधिक गावे त्याच्या कक्षेत आली. तत्पूर्वी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे या गावी सावकारावर सामाजिक बहिष्कार घालण्यात आला होता. त्याच्या दुकानी माल घ्यायचा नाही, त्याचे शेत करायचे नाही, असा त्याचा आशय होता.

दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जेथे सावकाराने निमूटपणे रोखे काढून दिले, तेथे सामान्यतः त्याला इजा झाली नाही. लुटीपेक्षा दस्तऐवज नष्ट करणे हा जमावाचा मुख्य हेतू होता. सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्यांचे कारण नव्हते, असा निर्वाळा याच अहवालाने दिला. ज्या सरकारने सारा वाढवला त्याच सरकारने आयोग नेमला होता, हे ध्यानात घेऊनच हा निर्वाळा वाचावा लागतो. १८६७ पासून इंदापूर तालुक्यात तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली होती आणि अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाच्या तेजीबरोबर कर्जाचा ओघही आटला होता. सरकारी अहवाल हादेखील माहितीपर मजकूरच असतो. त्यात काय लिहिले आहे याइतकेच तो कोणी, कोणासाठी लिहिला हेही पाहावे लागते.

कागद जाळण्याच्या या कृतीकडे काही वेळा अडाणी माणसाच्या संतापाचा उद्रेक म्हणून पाहिले जाते. हे मत स्वीकारणे कठीण आहे. ज्याला कागदाचे सामर्थ्य कळत नाही तो कागद मागत नाही. न्यायालयात आपल्या तोंडच्या शब्दाला काही मोल नाही आणि सावकाराच्या पेटीतल्या कागदाला सर्व मोल आहे, हे सुप्याच्या जमावाने पुरते ओळखले होते. कागदाचे कार्य त्यांना समजले होते, आशय मात्र त्यांच्या हाती नव्हता. या दोहोंमधील अंतरातच दंग्याचे मूळ शोधावे लागते.

रोख्याची रचना आणि त्याचे गणित

त्या काळातील कर्जरोख्याची बांधणी ठरावीक असे. धनको व ऋणको यांची नावे, गाव, शक, मिती, घेतलेली रक्कम, व्याजाचा दर, फेडीची मुदत, तारण असल्यास त्याचे वर्णन, लिहिणाराचे नाव, साक्षी आणि शेवटी सही. कुणब्याला सही येत नसल्याने त्याच्या नावापुढे नांगराची निशाणी काढली जाई. शब्द म्हणावेत तर अनोळखी नव्हते. मुद्दल, व्याज, मुदत, तारण, जप्ती हे शब्द फारसी-अरबी मुळाचे असोत की संस्कृत मुळाचे, ते खेड्यातल्या बोलण्यात मुरलेले होते. जप्ती या शब्दाचा अर्थ तर शेतकऱ्याला कोणी सांगावा लागत नव्हता. अडचण होती ती रोख्यातील रकमेचा अर्थ लावण्याची. 'रोख घेतले' असे लिहिलेल्या आकड्यात हाती आलेले रुपये किती, आधीच कापून घेतलेली मनोती किती आणि जुन्या बाकीचे व्याज किती, हे त्या कागदावरून कळण्याची सोय नव्हती.

या ठिकाणी १८५९ च्या मुदतीच्या कायद्याचा संबंध येतो. नोंदणी नसलेल्या साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा करता येईल, असे या कायद्याने ठरले. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि जुने मुद्दल व थकलेले व्याज मिळून नव्या रोख्याचे मुद्दल होऊ लागले.

याचे गणित एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. शंभर रुपये, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज, एकही रुपया फेडलेला नाही, असे मानू. तीन वर्षांनी येणे १७२ रुपये होते. या रकमेचा नवा रोखा झाल्यास सहाव्या वर्षाअखेर येणे सुमारे २९६ रुपये आणि आणखी एकदा रोखा बदलल्यास नवव्या वर्षाअखेर सुमारे ५०९ रुपये होते. हिंदू व्यवहारपरंपरेतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानत असत. त्या नियमानुसार थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नाही, म्हणजे मूळच्या शंभर रुपयांवर एकूण येणे दोनशेच्या पुढे जाऊ नये. परंतु प्रत्येक नव्या रोख्याबरोबर मुद्दलच नवे होत असल्याने दामदुपटीची मर्यादाही पुढे सरकत असे. चौथा रोखा वाचणाऱ्या न्यायाधीशाला तेथे ५०९ रुपये रोख दिल्याची नोंद दिसे. त्यात खोटा शब्द एकही नसावा, तरी त्या मजकुरावरून खरा व्यवहार मात्र समजत नसे.

साक्षर आणि निरक्षर यांच्यातील सरळ भेद येथे अपुरा पडतो. या रोख्यांपैकी शेवटचा एकच रोखा एखाद्या अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्याच्या हाती दिला असता तरी त्याला फारसे काही उमगले नसते. माहितीपर मजकूर पुष्कळदा मजकुरांच्या साखळीतील एक कडी असतो. मागचा रोखा, सावकाराची वही, फेडीची पावती, मुदतीचा कायदा हे सर्व समोर असल्याशिवाय त्या कडीचा अर्थ लागत नाही. फेडलेल्या रकमेची पावती देण्याची पद्धत तर नव्हतीच म्हटले तरी चालेल. धान्याच्या रूपाने केलेली फेड कोणत्या भावाने जमा धरली, हे सावकाराच्या वहीलाच ठाऊक.

लिपीचा अडसर

वही आणि रोखा यांची लिपी हा आणखी एक अडसर होता. मराठी व्यवहाराची लिपी मोडी होती. बोरू फारसा न उचलता, शब्दांत अंतर न सोडता आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळता ती लिहिली जाई. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती वेगवान व सोयीची होती, नवख्या वाचकाच्या दृष्टीने मात्र कठीण. छापील पुस्तकांसाठी बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी रूढ होत गेली. त्यामुळे केवळ पुस्तक वाचता येणाऱ्या मुलाला घरातला रोखा वाचता येईलच असे नव्हते. परप्रांतांतून आलेल्या सावकारांच्या वह्या तर बहुधा त्यांच्या स्वतःच्या व्यापारी लिपीत असत. एकाच कर्जाची नोंद दोन लिपींत, आणि ऋणको दोन्हींपासून दूर, अशी ही स्थिती होती.

पुढे १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध लिपी स्वीकारण्याचा निर्णय घेतला. तरी खाजगी हिशेबात मोडी आणखी काही दशके टिकून राहिली. या बदलाचा एक अनपेक्षित परिणाम अलीकडे दिसून आला. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुने महसुली व शालेय दप्तर वाचण्याकरिता मोडी जाणणाऱ्यांची गरज भासली. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे हे उच्चशिक्षित नातवंडांनाही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले.

१८७९ चा कायदा : वाचून दाखवणे

दंग्यांनंतर दख्खन शेतकरी साहाय्य कायदा १८७९ मध्ये संमत झाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू करण्यात आला. कर्जापायी अटक, जमिनीची जप्ती, तडजोडीची व्यवस्था यांविषयीच्या त्यातील तरतुदी परिचित आहेत. लेखाच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे रोख्यामागे जाण्याचा अधिकार. केवळ शेवटचा रोखा पुरावा न मानता न्यायालयाने व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, मुद्दल किती व व्याज किती याचा वेगळा हिशेब मांडावा, असे कायद्याने सांगितले. मजकुराच्या साखळीतील एकच कडी वाचून निकाल देऊ नये, हे तत्त्व कायद्याने येथे मान्य केले.

दुसरी तरतूद ग्राम निबंधकाची. शेतकऱ्याचा दस्तऐवज या अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा आणि ज्या पक्षकाराला वाचता येत नसेल त्याला तो मोठ्याने वाचून दाखवावा व मगच त्याची सही किंवा निशाणी घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. तिसरी तरतूद पावती, हिशेबाचा वार्षिक उतारा आणि मागणी केल्यास पासबुक यांची. सावकाराच्या पेटीतील माहिती प्रथमच ऋणकोच्या घरी यावयाची होती. ब्रिटिश राजवटीतील कायद्यांमध्ये सामान्य माणसाच्या माहितीच्या हक्काचा इतका स्पष्ट विचार क्वचितच आढळतो आणि त्याचे श्रेय त्या कायद्याला दिलेच पाहिजे.

परंतु ऐकणे म्हणजे समजणे असे कायद्याने धरून चालले, हा त्याचा कच्चा दुवा होता. निबंधकाने एका दमात वाचलेला दस्त शेतकऱ्याने ऐकला. त्यात मुद्दल, दर, मुदत ही सर्व माहिती होती. परंतु 'हे असे का लिहिले, तसे का नाही' असे विचारण्यासाठी जे हिशेबज्ञान लागते ते त्याच्याजवळ नव्हते आणि पुढच्या पेरणीसाठी रुपये आजच हवे असल्याने विचारण्याची सवडही नव्हती. पासबुक घरी आले तरी ते वाचून घेण्यासाठी पुन्हा गावातील कोणा लिहिणाऱ्याकडे जावे लागे. हा लिहिणारा कित्येकदा सावकाराच्या ओट्यावर बसणाराच असे.

सावकारांनीही मजकुराचा प्रकारच बदलला. कर्जरोख्याला अडचणी येऊ लागताच गहाणाच्या जागी खरेदीखत लिहून घेण्याची चाल वाढली. कर्ज फिटल्यावर जमीन परत देऊ, हे वचन तोंडी. कागदावर मात्र कायमची विक्री. ऋणकोच्या मनात गहाण, दस्तात खरेदी. पुढे कायद्यात कलम १० अ घालून, खरेदीखत वस्तुतः गहाण होते हे दाखविण्यासाठी तोंडी पुरावा घेण्याची मुभा न्यायालयांना देण्यात आली. लेखी मजकुरासमोर तोंडी बोलणे टिकत नाही, या पुराव्याच्या सर्वसाधारण तत्त्वाला घातलेला हा अपवाद होता. जो कागद लिहिणाऱ्या पक्षालाच पूर्ण समजलेला असतो तो दोघांचा करार म्हणता येईल काय, ही शंका खुद्द कायदेमंडळाला आल्याचे हे चिन्ह मानावे लागेल.

हंटर आयोगापुढील निवेदन

याच काळात दुसऱ्या दिशेने विचार करणारे महात्मा जोतीराव फुले होते. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली होती. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले व १८८० मध्ये ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविण्यास घेतले. शेतकरी व कामकरी वर्गाला उद्देशून लिहिलेला मजकूर छापला जाऊ लागला होता, पण तो वाचणार कोण हा प्रश्न शिल्लक होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे ही त्यातील मागणी सर्वपरिचित आहे. शेतकऱ्यांच्या पैशातून जमणारा निधी वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रारही वारंवार उद्धृत होते. अभ्यासक्रमाविषयी त्यांनी केलेल्या सूचनेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

खेड्यातील शाळेत वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि हिशेब शिकवावा, त्याबरोबर इतिहास, भूगोल, व्याकरण यांचा प्राथमिक परिचय, शेतीचे मूलभूत ज्ञान आणि नीती व आरोग्य यांचे काही पाठ असावेत, असे फुले यांनी सुचविले. शेतीच्या पाठांना जोडून लहानसे नमुना शेत असावे, असेही त्यांनी म्हटले. या यादीतील मोडी आणि हिशेब हे दोन विषय आरंभीच यावेत, हा योगायोग मानता येत नाही. बाळबोध लिपीने छापील पुस्तक उघडते. मोडीने रोखा, कुळकर्ण्याचे दप्तर आणि पावती उघडते. हिशेबाने त्यातील आकडा तपासता येतो. सुप्याच्या दंग्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. निरक्षर शेतकऱ्याला वाचून दाखवणारा अधिकारी नेमणे हा सरकारचा मार्ग, तर शेतकऱ्याच्या मुलालाच वाचक बनवणे हा फुले यांचा. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात लिहिणाऱ्या वर्गाच्या हातून अडाणी शेतकऱ्याची होणारी नाडवणूक त्यांनी तपशिलाने मांडली, तीही याच संदर्भात वाचली पाहिजे.

आयोगाने या सूचना जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. शाळेच्या पुस्तकात धडे आणि कविता राहिल्या. पावती कशी वाचावी, हे मुलाने बापाकडून शिकायचे आणि बापाला ते येत नव्हते.

हक्कनोंदणी ते मुख्य तथ्य विवरण

विसाव्या शतकात शेतकऱ्याच्या जीवनातील कागद कमी न होता वाढले. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणीची पद्धत आली. गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून आजचा सातबारा उतारा तयार झाला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुळकर्णी वतन रद्द करून तलाठी नेमले, त्यामुळे निदान दप्तर सांभाळणाऱ्याच्या जातीची मक्तेदारी मोडली. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने प्रौढ साक्षरतेला चळवळीचे रूप दिले. हा जिल्हा १८७९ च्या कायद्याच्या चार जिल्ह्यांपैकी एक होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार फेरफाराची नोंद तलाठ्याने चावडीवर लावावी व संबंधितांना लेखी कळवावे लागते. मुदतीत हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होण्याचा मार्ग मोकळा होतो. चावडीवरचा कागद वाचला नाही, किंवा वाचूनही त्यातील सर्वे नंबर आपल्याच बांधाचा आहे हे ध्यानात आले नाही, तर ते मौन हरकत नसल्यासारखे धरले जाते.

जनगणनेत सात वर्षे व त्यावरील ज्या व्यक्तीस कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते ती साक्षर मानली जाते. या व्याख्येतील 'समजून' हा शब्द प्रत्यक्ष गणनेत तपासला जात नाही. कुटुंबातील व्यक्ती सांगेल ते लिहिले जाते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदती कर्जांसाठी ऋणकोला 'मुख्य तथ्य विवरण' देणे आवश्यक झाले. त्यात व्याजाबरोबरच सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक टक्केवारी दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक द्यावे लागते. म्हणजे ज्याला पूर्वी मनोती म्हणत, तशी कपातही आता आकड्यात दिसावी लागते. हे विवरण ऋणकोला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि तो समजल्याची पोच त्याच्याकडून घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. १८७९ च्या ग्राम निबंधकाला दस्त वाचून दाखवून निशाणी घेणे पुरेसे होते. येथे समजल्याची सही मागितली आहे. ती सही कर्जाच्या इतर कागदांबरोबर, त्याच टेबलावर आणि बहुधा त्याच पाच मिनिटांत घेतली जाते. वार्षिक टक्केवारी दर हा व्याजदरापेक्षा वेगळा का असतो, हे पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल, हे प्रत्येक महाविद्यालयाला आपल्याच वर्गात, एका तासिकेत, तपासून पाहता येण्यासारखे आहे.